दिवसभर कट्टे उचलतो, तरी पोट सुटतंय. थंड्यामुळे का?

कट्टेवाला (धरणगाव)

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

मी जळगाव एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये हमालीला आहे. वय 42, उंची पाच फूट चार इंच. मिलला लागलो तेव्हा तोलकाट्यावर उभं राहून वजन केलं होतं, 58 भरलं होतं. आज 79 आहे. पँट 38 ची लागते आणि तीही पोटाखाली बांधावी लागते. एकटा मीच असा नाही. आमच्या टोळीत चाळिशीच्या पुढचे जेवढे आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचं असंच आहे. हातपाय काटकुळे आणि मध्ये घागर.

मध्यंतरी मिलवर तपासणीचं शिबिर झालं. माझी उपाशीपोटी साखर 118 निघाली. डॉक्टर म्हणाले, "काठावर आहे. गोड बंद करा, भात-बटाटा कमी करा, रोज अर्धा तास चालायला जा." चालायला जा म्हटल्यावर आमच्या रांगेत हशाच पिकला. पाठीवर तुरीचा कट्टा (पोतं) घेऊन गाडीपासून थप्पीपर्यंत आणि थप्पीपासून गाडीपर्यंत दिवसभर आम्ही दुसरं काय करतो? पण डॉक्टर नवीन पोरगा होता, त्याची काय चूक. त्याने सगळ्यांना तेच सांगितलं, आमच्या मॅनेजरलाही.

आता खाण्याचं. पूर्वी डब्यात तीन भाकरी असायच्या, वजन वाढायला लागल्यापासून दोनच नेतो. दादरची (ज्वारीची) भाकर, नाहीतर कळण्याची (ज्वारी-उडदाची). सोबत भाजी, ठेचा, कांदा. रात्री खिचडी किंवा उडदाची डाळ-भाकर. शेवभाजीचा बेत कधीमधी होतो. गोड म्हणाल तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस-पुरणपोळी आणि पोळ्याला परत पुरणपोळी. मिठाईच्या दुकानात मी पाय ठेवत नाही, खिशालाही परवडत नाही. मग बंद करायला गोड आहेच कुठे?

हे घरी बोललो तर माझी पोरगी (अकरावी सायन्सला आहे, सगळ्या गोष्टींचं लेबल वाचते) म्हणाली, "पप्पा, खाता काय ते सोडा. पिता काय ते सांगा."

तर पिण्याचं असं आहे. सकाळी घरी चहा. मिलवर पोचलो की चहा. दहाच्या सुमाराला गाडी लागते, ती निम्मी झाली की चहा. जेवण झाल्यावर ऊन असं असतं की पत्र्याच्या शेडखाली डोकं भणभणतं, त्या वेळी दहावाला थंडा. चारच्या पुढे हातपाय गळाले की कधी चहा, कधी वीसवाली एनर्जीची बाटली. गाडी टायमाच्या आधी भरली तर व्यापारी खूश होऊन स्वतःच्या खिशातून सगळ्यांना थंडा पाजतो, त्याला कोण नाही म्हणेल? उन्हाळ्यात गावाकडे परतताना रसवंतीवर गाडी आपोआप थांबते. घरी पोचलो की परत चहा.

आणि पाणी? पाणी आहे की. टाकी पत्र्यावर आहे. एप्रिल-मे मध्ये जळगावचा पारा 44-45 ला जातो, दुपारी त्या नळाला हात लावला तर चटका बसतो. ते पाणी तोंडात धरवत नाही, गिळणं लांबच. गेटच्या बाहेर मात्र दोन टपऱ्या, दोन्हींचे फ्रीज फुल्ल. आमच्यातला एक जण म्हणतो, "आठे पानी नई शे, पन थंडा शे!"

तर विचारायचं हे. एवढी अंगमेहनत करणाऱ्याला ही साखर लागते का, की ती घामातून जळून जाते? रसवंतीचा रस तर नैसर्गिक आहे, त्याने काही होतं का? आणि या सगळ्यातलं एकच काही सोडायचं म्हटलं तर काय सोडू? सगळं सोडा म्हणू नका, ते जमणार नाही.

टपरीवाला (अवधान, धुळे)

भाऊ, मी तुमच्यासारख्यांना थंडा विकूनच घर चालवतो, तेव्हा माझं किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. पण काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते सांगतो.

माझ्या टपरीतला फ्रीज माझा नाही, कंपनीचा आहे. फुकट मिळाला. अट एवढीच की डोळ्यांसमोरच्या कप्प्यांत त्यांचाच माल दिसला पाहिजे आणि फ्रीजचं तोंड रस्त्याकडे पाहिजे. लाइट बिल माझं. पाण्याच्या बाटल्या सगळ्यात खाली, वाकून काढाव्या लागतात. बरं, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली दहाला आणि थंड्याची छोटी बाटलीही दहाला. घामाने निथळणारा माणूस दहा रुपये हातात घेऊन आला तर तो पाणी मागेल का? त्याला वाटतं पाण्याचे कसले पैसे द्यायचे, त्यापेक्षा थंडा घेऊ, पैसे वसूल होतील.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत बदलली. आधी लोडिंगवाले यायचे तेव्हा दोन लिटरची एक बाटली घ्यायचे आणि माझ्याकडचे स्टीलचे ग्लास मागायचे. सात-आठ जणांत एक बाटली, म्हणजे प्रत्येकाला ग्लासभर. मुकादम ओतायचा, फेस बसला की परत थोडा ओतायचा, एखादा म्हणायचा मला अर्धाच दे. आता दहावाली आली तशी ज्याची त्याची बाटली झाली. वाटणी बंद. अर्धाच दे म्हणणारा पण गेला, कारण झाकण उघडलं की ती संपवायचीच. आधी ती बाटली मानेला लावतात, मग कपाळाला, आणि नंतर एका दमात रिकामी. चवीसाठी पिणारा गिऱ्हाईक वेगळा असतो भाऊ, तो हळूहळू पितो. तुम्ही लोक गारव्यासाठी पिता. गार पाण्याने पण भागलं असतं, पण ते मी विकत नाही, आणि विकलं तर कोणी घेत नाही.

सरकारने कर वाढवला म्हणून महाग होईल असंही कोणी म्हणेल. 22 सप्टेंबर 2025 पासून गॅसवाल्या गोड पेयांना 40 टक्के जीएसटी झाला. पेपरात मोठी बातमी होती. पण आधीही 28 टक्के जीएसटी आणि वर 12 टक्के सेस, म्हणजे 40 च होते. माझ्या दुकानात दहाची बाटली दहालाच राहिली. उलट आंब्याच्या ज्यूसवाल्या पाकिटांवरचा कर 12 वरून 5 वर आला. त्यात साखर थंड्याइतकीच किंवा वरचढ असते, पण फोटोवर हापूस असतो ना.

सीएचओ ताई (यावल तालुका)

कट्टेवाले दादा, मी एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तुमच्या पोरीला माझा नमस्कार सांगा, तिने बरोबर जागी बोट ठेवलं.

आधी हिशेब करू. थंड्याच्या लेबलवर 100 मिलीमागे साखर साधारण साडेदहा ते अकरा ग्रॅम असते. दहावाली बाटली 200 मिलीची धरली तर 21-22 ग्रॅम. एनर्जीवाल्या बाटलीत कंपनीप्रमाणे फरक असतो, 250 मिलीच्या बाटलीचे 20 धरा. तुमचे चहा मी चार मोजले, कारण चारच्या वेळी बाटली धरली. मिलवरचा चहा पातेल्यातच गोड करून येतो, कपात दोन चमचे म्हणजे आठेक ग्रॅम साखर सहज असते. ते झाले 32. रसवंतीचा ग्लास 200 मिलीचा, उसाच्या रसात 12 ते 15 टक्के साखर, म्हणजे आणखी 25 च्या आसपास. बेरीज शंभराच्या आसपास जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. बसून काम करणाऱ्याला 2000 कॅलरी धरल्या तर 50 ग्रॅम. तुम्ही हमाल आहात, तुम्हाला 3000 धरू, तरी 75. "मेहनत करतो म्हणून जळून जाते" हे तुमच्या बाबतीत थोडं खरं आहे, पण पूर्ण नाही.

शंभर ग्रॅम साखर म्हणजे 400 कॅलरी. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची मोठी भाकर साडेतीनशेच्या आत बसते. म्हणजे तुम्ही तीनच्या दोन भाकरी केल्या आणि सोडलेली भाकर पिऊन टाकली, वर चतकोर जास्त. शिवाय भाकरीने पोट भरतं, थंड्याने भरत नाही. अमेरिकेतला 2000 सालचा एक छोटा प्रयोग आहे, फक्त 15 जणांवरचा. त्यांना चार आठवडे रोज 450 कॅलरी गोळ्या-चॉकलेटसारख्या घन गोडातून दिल्या, आणि चार आठवडे तेवढ्याच सोड्यातून. घन गोड खाल्लं तेव्हा लोकांनी नकळत बाकीचं जेवण तेवढं कमी केलं. सोडा प्यायले तेव्हा जेवण तसंच राहिलं आणि वजन वाढलं. द्रवातून गेलेल्या कॅलरींची शरीर नीट नोंदच घेत नाही.

दादा, एक मला विचारायचं आहे. तुमची मिल बारा महिने सारखी चालते का? बऱ्याच ठिकाणी सीझनला मरणाचं काम आणि पावसाळ्यात निम्मे दिवस बसून. आणि आता कट्टे चढवायला मशीनचे सरकते पट्टे आले आहेत. काम कमी होतं, पण चहा-थंडा सीझनचाच राहतो. वजन तिथे चढतं, आणि 42 व्या वर्षी ते उतरत नाही.

पँटच्या नंबरवर जाऊ नका. पोटाखाली बांधता म्हणजे ती कंबर नव्हेच. बेंबीच्या पातळीवर टेप धरा, 40 इंचांच्या वर निघेल असा माझा अंदाज. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटीमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच ही धोक्याची रेघ आहे, बायकांना 80. उंची-वजनाचा तुमचा बीएमआय 30 ला टेकला आहे. भारतीयांसाठी 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या लोकांची चरबी पोटातच साठते. काटकुळे हातपाय आणि मध्ये घागर म्हणालात, तेच ते. गरीब माणूस म्हणजे हडकुळाच, हे चित्र आता जुनं झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 मध्ये देशातले 18.9 टक्के पुरुष जास्त वजनाचे होते, 2019-21 मध्ये 22.9. बायका 20.6 वरून 24. श्रीमंतांत प्रमाण अजून जास्त आहे, पण वाढ खालपर्यंत पोचली आहे.

118 म्हणजे मधुमेह नाही, त्याची पायरी आहे. 126 पासून मधुमेह म्हणतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी करून घ्या. तीस वर्षांवरच्यांची साखर आणि बीपी आरोग्य मंदिरात मोफत तपासतात. रोज एक-दोन गोड पेयं घेणाऱ्यांना, क्वचितच घेणाऱ्यांपेक्षा मधुमेहाचा धोका 26 टक्के जास्त, असं 2010 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसलं होतं.

रसवंतीचा रस नैसर्गिक आहे यात वाद नाही. ऊस चावून खाल्ला तर दोन पेरांतच जबडा दुखतो. रसात चोथा बाहेर आणि साखर तेवढी पोटात. रोज नको, आठवड्यातून एखाद्या वेळी चालेल.

एनर्जीच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त नको आणि गरोदर बाई, लहान मुलं यांना नको. त्यातलं कॅफीन थकवा झाकतं, घालवत नाही. 45 डिग्रीत छाती धडधडायला लागली तर ती उन्हामुळे की बाटलीमुळे हे कळणारसुद्धा नाही.

एकच सोडायचं म्हणालात तर दुपारचा थंडा आणि चारची बाटली ही एक जोडी समजून सोडा. त्या जागी गार पाणी, नाहीतर ताक. घाम फार गेला असेल तर ओआरएस (जलसंजीवनी), पण सरकारी पाकीट. एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं त्यात, म्हणजे 100 मिलीमागे दीड ग्रॅमही नाही. दुकानात तसलंच नाव छापलेले गोड रसाचे डबे मिळायचे, त्यात कितीतरी पट साखर असायची. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर "ओआरएस" लिहायला बंदी केली.

बापू (एरंडोल)

ताई, हिशेब चोख आहे, पण माझी एक तक्रार आहे. ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत त्याच्याच बाटलीवर सगळ्यांची नजर का? लग्नात पन्नास पदार्थ खाणाऱ्याला कोणी ग्रॅम मोजायला सांगत नाही.

मूळ रोग त्या पत्र्यावरच्या टाकीत आहे. 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 18 काढून बघा. पिण्याच्या पाण्याची सोय मालकाने करायची, त्या जागी कामगारांना समजेल अशा भाषेत "पिण्याचे पाणी" लिहायचं, मुतारीपासून सहा मीटरच्या आत ती जागा नको. 250 च्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार करून द्यायचं. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, पण पाणी देण्याची जबाबदारी काही मालकावरून उतरली नाही. डाळ मिलमध्ये 250 कामगार कुठे असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण गार पाणी द्यायला कायद्याची वाट कशाला बघायची? आमच्या लहानपणी एरंडोलला चौकाचौकात पाणपोई असायची, रांजणावर ओलं फडकं. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हमालांसाठी स्वस्त जेवणाची "कष्टाची भाकर" काढली. तुमच्या टोळीला रांजण ठेवता येणार नाही?

आणि कर लावून काही होत नाही असं टपरीवाले म्हणतात, ते आपल्याकडचं खरं असेल, कारण तुमच्याकडे किंमत हललीच नाही. मेक्सिकोत 2014 पासून लिटरमागे एक पेसो कर लावला, बाटली साधारण दहा टक्के महागली. पहिल्याच वर्षी खप सरासरी 6 टक्के घटला, गरीब घरांत 9 टक्के. तिथे किंमत खरोखर वाढली होती.

सावद्याची

पुरुषांचंच चाललंय सगळं. मी केळीच्या पॅकिंग हाऊसला आहे. घड धुवायचे, फण्या कापायच्या, बॉक्समध्ये भरायच्या. दिवसभर हात पाण्यात आणि प्यायला पाणी नाही, अशी गत. आम्ही थंडा पीत नाही, टपरीवर उभं राहायची सोयच नाही बाईला. पण आंब्याची पाकिटं मुकादम आत आणून देतो. ती "ज्यूस" म्हणून चालतात, म्हणून पोरांच्या नावाने घरीही येतात आणि निम्मी आम्हीच पितो. वर जेवणाच्या जागी चहा-टोस्ट, कारण सकाळी सगळ्यांचे डबे करून स्वतःचा डबा करायला वेळच नसतो. माझी कंबर आशाताईने मागच्या महिन्यात फॉर्म भरताना मोजली, 94 सेंटीमीटर. तंबाखू खाता का, दारू पिता का, घरात कोणाला शुगर आहे का, सगळं विचारलं. चहात साखर किती, हे काही विचारलं नाही.

ताई, बिनसाखरेच्या थंड्याच्या बाटल्या आल्यात दहालाच, त्या चालतात का?

सीएचओ ताई (यावल तालुका)

सावद्याच्या ताई, साखरेचा थंडा सुटेपर्यंत मधली पायरी म्हणून एखादी ठीक आहे. पण वजन उतरवायला कृत्रिम गोडीवर भिस्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच 2023 मध्ये सांगितलंय. गोडाची जीभ तशीच राहते. आणि कंबर 94 म्हणजे बऱ्यापैकी वर आहे. आशाताईंनी पुढच्या तपासणीला पाठवलं नसेल तर स्वतः जा. चहा-टोस्टच्या जागी रात्रीची भाकर दुधात कुस्करून नेली तरी चालेल.

कट्टेवाला (धरणगाव)

सगळ्यांचे आभार. ताईंचा हिशेब पोरीने वहीत उतरवून भिंतीला चिकटवलाय, आता घरात सुटका नाही.

सीएचओ ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. जून ते ऑक्टोबर मिल रडतखडत चालते, आणि दोन वर्षांपूर्वी पट्टा आला तेव्हापासून वर चढवायचं काम गेलं. तरी थंडा तेवढाच. टपरीवाल्या भाऊंचं मानेला बाटली लावायचं वाचून टोळीतले सगळे हसले, कारण सगळे तेच करतात.

पण तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात एक गोष्ट सुटली, ती सांगतो. चहा आणि थंडा ही आमची सुट्टी आहे. कागदावर दुपारच्या जेवणाची सुट्टी सोडून दुसरी सुट्टी नाही, आमचं काम कट्ट्यावर असतं, जेवढे कट्टे तेवढे पैसे. मधेच एखादा नुसता बसला तर सुपरवायझर विचारतो, "काय रे, काय झालं?" तोच माणूस हातात चहाचा कप किंवा बाटली घेऊन बसला तर कोणी काही बोलत नाही. बाटली संपेपर्यंत बसायची परवानगी असते, समजा. पाणी पिऊन माणूस दहा सेकंदांत मोकळा होतो, लगेच उठावं लागतं. मी स्वतः शेवटचा घोट तळाशी ठेवून बसतो. ताई म्हणतात थंड्याच्या जागी पाणी प्या. पाण्याने तहान भागेल, पण ती दहा मिनिटं कुठून आणू?

म्हणून बापूंचं रांजणाचं मनावर घेतलं, पण जरा फिरवून. मुकादमाशी बोललो. वाराईतून (हमालीच्या पैशांतून) प्रत्येकाने थोडं काढायचं आणि गार पाण्याचे जार मागवायचे, आणि त्यासोबत बरणीभर ताक. ताक हे ग्लासात घेऊन, बसून प्यायचं असतं, म्हणजे बसणं आलंच. मुकादमाला पटलं, कारण त्याची पण शुगर 160 आहे, त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, "करा काय करायचं ते, फक्त जार कट्ट्यांजवळ ठेवू नका, डाळ भिजेल." व्यापारी थंडा पाजतो त्याचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. त्याला ताक पाजा म्हणायची हिंमत कोण करणार?

चहाचं मात्र अवघड दिसतंय. चहावाल्याला म्हटलं साखर निम्मी टाक. तो म्हणे, तुमच्या टोळीसाठी वेगळं पातेलं ठेवतो, पण कपामागे रुपया जास्त. साखर कमी आणि पैसे जास्त, हा कुठला न्याय!

टपरीवाला (अवधान, धुळे)

रुपया साखरेचा नाही भाऊ, वेगळ्या पातेल्याच्या गॅसचा आहे. त्याला सांगा, बिनसाखरेचाच चहा उकळ आणि साखर बाजूला डब्यात ठेव, ज्याला हवी त्याने घालावी. पातेलं एकच राहतं. माझ्याकडे शुगरवाले ड्रायव्हर येतात त्यांच्यासाठी मी तसंच करतो. आणि व्यापाऱ्याला थंड्याऐवजी भुट्टा किंवा शेंगा द्यायला सांगा. मोठ्या माणसाला पाजायची हौस असते, काय पाजायचं ते त्याचं ठरलेलं नसतं.

कट्टेवाला (धरणगाव)

डब्याची आयडिया चालेल. सीएचओ ताई, अजून एकच. टोळीतल्या एकाला बीपीची गोळी चालू आहे. त्याला ताकात मीठ चालेल का? मीठ नसलं तर तो ताक घेणारच नाही म्हणतो.

सीएचओ ताई (यावल तालुका)

त्याच्या ग्लासात मीठ नको, जिरेपूड आणि कोथिंबीर घाला. दिवसभराचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, आणि ठेचा-लोणच्यातून ते आधीच गेलेलं असतं. उन्हात काम करताना त्याला चक्कर येत असेल किंवा लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणि मीठ किती घ्यायचं हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारा, गोळी मात्र स्वतःहून बंद करू देऊ नका. आणि मुकादमांची 160 उपाशीपोटीची आहे की जेवणानंतरची, ते विचारून इथे टाका.